तांबडे पाणी ओसरल्यानंतर
(लेखांक चौथा)

समुद्राच्या पाण्याला रंग चढविणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा सामान्य परिचय गेल्या लेखांकात झाला. त्यांपैकी एकाच जातीने घडविलेल्या संहाराचा पंचनामा आज मांडावयाचा आहे. १९९६ सालच्या वसंतात अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, काही आठवड्यांच्या अवधीत, १४९ मॅनाटी मृतावस्थेत आढळल्या. मॅनाटी म्हणजे आपल्या कच्छच्या आणि मन्नारच्या आखातांत क्वचित दिसणाऱ्या समुद्रगायीची नातलग. संथ, निरुपद्रवी, केवळ गवतावर जगणारी, आणि त्या काळी अमेरिकेच्या सरकारी दप्तरात विनाशोन्मुख म्हणून नोंदलेली.

या मृत्यूंचे मूळ कारेनिया ब्रेव्हिस नावाच्या एकपेशीय शैवालात होते. ज्याच्या तीस-चाळीस पेशी एका मिलिमीटरात ओळीने मावाव्यात, असा हा जीव ब्रेव्हेटॉक्सिन नामक विष निर्माण करतो. मज्जापेशींच्या आवरणात सोडियमला आत घेणारी जी सूक्ष्म द्वारे योग्य क्षणी उघडतात आणि लगेच मिटतात, त्यांना हे विष मिटूच देत नाही; त्यामुळे मज्जातंतू अकारण उत्तेजित होत राहतात, स्नायूंवरचा अंमल सुटतो, आणि मासे श्वसन थांबून मरतात. शिवाय या पेशीला कठीण कवच नसल्याने लाटांच्या आघाताने ती फुटते आणि विष तुषारांबरोबर हवेत चढते. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याने खोकल्याची उबळ येते. पण श्वासासाठी वारंवार पृष्ठभागावर येणारी, आणि एकेका श्वासात फुफ्फुसांतील सुमारे ९० टक्के हवा पालटणारी मॅनाटी नेमका तोच विषारी थर छातीत भरून घेते.

मला अधिक अस्वस्थ करते ती २००२ सालची हकिकत. त्या वसंतात ३४ मॅनाटी मेल्या, आणि तेव्हा पाण्यात या शैवालाचा मागमूस जवळजवळ उरला नव्हता. तपासाअंती विष सापडले ते त्यांनी खाल्लेल्या समुद्रगवतात. पाने आणि पानांवर वाढणारे बारीक जीव यांनी ते धरून ठेवले होते. दोनच वर्षांनी फ्लॉरिडाच्या वायव्य किनाऱ्यावर १०७ डॉल्फिन मेले, त्यांच्या पोटातील माशांतही हेच विष निघाले. अर्थात विषाने मासा मरतोच असे नाही. कधी तो ते अंगी बाळगून पोहत राहतो आणि आपल्या भक्षकाच्या स्वाधीन करतो. म्हणूनच पाणी निवळले की संकटाचे दप्तर बंद करावे, ही प्रशासनाची सवय मला घातक वाटते. २०१३ साली याच विषाने पुन्हा २५० हून अधिक मॅनाटी नेल्या.

विषबाधा झालेली मॅनाटी बहुधा बुडून मरते, कारण श्वासासाठी मस्तक वर उचलण्याचे बळच तिच्यात राहत नाही. जिवंत हाती लागलेल्या प्राण्याला स्वच्छ पाण्यात नेऊन, विष शरीरातून ओसरेपर्यंत, माणसे तासन् तास आळीपाळीने त्याचे नाक पाण्याबाहेर धरून बसतात. आणि अशा रीतीने जगविलेल्या कित्येक मॅनाटी पुढे पुन्हा समुद्रात सोडण्यात आल्या आहेत.