डाव्या वृक्कनीलेवरील दाब व रक्तमूत्रता

मूत्रावाटे रक्त जाणे हे लक्षण होय; तो स्वतंत्र रोग नव्हे. मुतखडा, जंतुसंसर्ग, अर्बुद व वृक्कदाह ही त्याची परिचित कारणे. परंतु या सर्वांचा शोध घेऊनही काही रोग्यांत, विशेषतः कृश तरुणांत, कारण हाती लागत नाही. अशा वेळी मूत्रपिंडातून निघणाऱ्या नीलेच्या मार्गाकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते.

उजवी वृक्कनीला २ ते ४ सेंटिमीटर लांब असून ती सरळ अधोमहानीलेस मिळते. डावीची लांबी ६ ते १० सेंटिमीटर असते व तिला महारोहिणी आणि तिच्यापासून पुढे निघून खाली उतरणारी ऊर्ध्व आंत्रबंध रोहिणी यांच्या बेचक्यातून जावे लागते. या बेचक्यातील मेद कमी झाला की कोन अरुंद होतो व नीला दाबली जाते. शरीररचनाशास्त्रज्ञ ग्रँट यांनी १९३७ मध्ये या स्थितीस अडकित्त्यात सापडलेल्या फळाची उपमा दिली. पुढे १९७२ मध्ये द शेपर यांनी ‘नटक्रॅकर’ हे नाव रूढ केले.

दोन्ही नीलांतील दाबाचा फरक एरवी १ मिलिमीटर पाऱ्याहून अधिक नसतो. तो ३ च्या वर गेल्यास अवरोधाची शंका बळावते. वाढलेल्या दाबाने मूत्रपिंडातील पातळ भित्तीच्या नीला फुगतात आणि फुटून त्यांतील रक्त मूत्रमार्गात उतरते. म्हणूनच दुर्बिणीने मूत्राशय तपासता रक्त केवळ डाव्या मूत्रवाहिनीतून येताना दिसते. तांबड्या पेशींचा आकारही प्रायः अविकृत असतो. वृक्कदाहात तो विकृत होतो. डाव्या वृषणाची नीला याच नीलेस मिळत असल्याने तेथील नीलाही कधी कधी फुगतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अरुंद झालेली नीला निरोगी व्यक्तींच्या छायाचित्रांतही आढळते. केवळ तेवढ्यावरून निदान केल्यास खरे कारण, प्रसंगी अर्बुदही, दृष्टिआड होण्याचा धोका असतो. उलट, निदान खरे असले तरी शस्त्रक्रियेची घाई इष्ट नव्हे. वाढत्या वयातील रोग्यांचे वजन वाढले की लक्षणे पुष्कळदा आपोआप ओसरतात. रक्तक्षय होण्याइतका स्राव किंवा असह्य वेदना असल्यासच नीला खाली हलवून जोडण्यासारख्या उपायांचा विचार करावा. सारांश, हे निदान इतर कारणांच्या निरसनानंतरच करावयाचे असते.