नळदुर्गचं अशोक चक्र

१३ सप्टेंबर १९४८. पहाटेचे चार वाजले होते. सोलापूरहून निघालेलं भारतीय सैन्य हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरून नळदुर्गच्या रोखानं सरकत होतं. चिलखती दलाच्या पुढं दुसऱ्या शीख बटालियनची एक कंपनी चालली होती आणि तिच्यातल्या एका प्लॅटूनची सूत्रं हवालदार बचित्तर सिंग यांच्याकडं होती. गोळीबार सुरू झाला. तेवढ्यात समोरून दोन गाड्या येताना दिसल्या. बचित्तर सिंगांनी जवानांना गोळ्या झाडायला सांगितलं आणि स्वतः एक तुकडी घेऊन थेट गाड्यांवर चाल केली. आतून गोळ्या येतच होत्या. तरी दोन्ही गाड्या, त्यांतल्या सैनिकांसह, त्यांनी ताब्यात घेतल्या.

पुढचा मोर्चा याहून कठीण होता. निजामाच्या फौजेनं खंदक खणून पक्की मोर्चेबांधणी केली होती आणि तिथून लाइट मशीनगन आग ओकत होती. ती जेमतेम तीस यार्डांवर राहिली असताना बचित्तर सिंगांच्या मांडीत गोळ्या घुसल्या. ते कोसळले. मग सरपटत पुढं गेले, दोन हातबाँब फेकले आणि ती मशीनगन कायमची गप्प केली. उपचारांसाठी मागं जायला त्यांनी नकार दिला. रक्त वाहत असतानाही ते जवानांना धीर देत राहिले. त्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघं एकतीस.

पंजाबातल्या लोपों गावचा हा माणूस. ज्या मातीसाठी त्यानं जीव दिला, ती त्याच्या गावापासून हजारभर मैल दूर, आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात. हल्ला इथंच का झाला, हे नकाशावर लगेच कळतं. सोलापूर-हैदराबाद रस्ता नळदुर्गला बोरी नदी ओलांडतो. तो पूल हाती आला नसता, तर रणगाडे तिथंच अडकून पडले असते. जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनची मुख्य धाव याच रस्त्यानं होती. नळदुर्ग सकाळीच पडलं. तुळजापुरात त्याच दिवशी निजामाच्या पायदळानं आणि त्याच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी काही वेळ झुंज दिली, पण संध्याकाळपर्यंत फौजा उमरग्याला पोचल्या होत्या. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती जाहीर केली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण साजरा करतो तो याच तारखेला.

बचित्तर सिंगांना मरणोत्तर मिळालं ते अशोक चक्र. स्वतंत्र भारतातलं या सन्मानाचं पहिलं नाव त्यांचंच मानलं जातं. त्याच १३ तारखेला तुंगभद्रेच्या रेल्वे पुलावर पाचव्या गुरखा रायफल्सचे नाईक नरबहादूर थापा हातात खुकरी घेऊन उघड्या मैदानातून मशीनगनवर धावून गेले. त्यांनाही हेच पदक मिळालं. हैदराबादच्या दोन टोकांवर, एकाच दिवशी.

मशीनगनला सामोरं जाऊन मेलेल्या सैनिकाला परमवीर चक्र का नाही, असं कुणालाही वाटेल. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही पदकं शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी. त्याखेरीजच्या शौर्यासाठी अशोक चक्र. दिल्लीनं हैदराबादला परका देश कधी मानलंच नाही. कारवाईलाही नाव दिलं ते पोलीस ॲक्शनचं. त्यामुळं ही लढाई शत्रूशी झालेल्या युद्धाच्या रकान्यात बसली नाही. हे पदक बचित्तर सिंगांच्या धैर्याचं आहेच, पण नळदुर्ग ही परकी भूमी नव्हती याचा ते सरकारी कागदाइतका पक्का पुरावाही आहे. मराठवाड्यातल्या माणसानं हे लक्षात ठेवायला हवं.

पदक स्थापन झालं ४ जानेवारी १९५२ रोजी, पण लागू झालं १५ ऑगस्ट १९४७ पासून. त्यामुळंच १९४८ची कामगिरी त्यात आली. तेव्हा ते ‘अशोक चक्र, वर्ग एक’ होतं. वर्ग दोन आणि तीनला कीर्ती चक्र, शौर्य चक्र ही नावं १९६७ साली मिळाली. सोन्याचा मुलामा दिलेली ही गोल चकती साधारण ३५ मिलिमीटर व्यासाची. मधोमध अशोकाचं चक्र, भोवती कमळांची माळ. फीत हिरवी, मधून एकच केशरी रेघ. कीर्ती चक्राच्या फितीवर अशा दोन रेघा असतात, शौर्य चक्राच्या तीन.

हे रूप ज्यांनी रेखाटलं त्या सावित्रीबाई खानोलकर. माहेरचं नाव ईव्ह, जन्म स्वित्झर्लंडमधला. सँडहर्स्टला शिकलेल्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी त्यांनी १९३२ साली लग्न केलं आणि पुढं मराठी, संस्कृत, पुराणं असं सगळं आपलंसं केलं. विक्रमरावही शीख रेजिमेंटचेच अधिकारी. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी परमवीर चक्राच्या आरेखनाचं काम सावित्रीबाईंवर सोपवलं. पहिलं परमवीर मिळालं ते बडगामला धारातीर्थी पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मा यांना. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर. पदक घडवणारं घर आणि पदकामागचं दुःख सोसणारं घर असं नात्यानं बांधलं गेलं.

अशोक चक्र पोलिसांना आणि सामान्य नागरिकांनाही मिळतं. २००९च्या प्रजासत्ताक दिनी मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यात धारातीर्थी पडलेले पोलीस हेमंत करकरे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे आणि अशोक कामटे यांना ते मरणोत्तर जाहीर झालं. कामटे हल्ल्याच्या काही महिने आधीपर्यंत सोलापूरचे पोलीस आयुक्त होते, म्हणजे नळदुर्गच्या अगदी शेजारी. वडील सैन्यात, आजोबा नारायणराव मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक. गणवेश त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. हैदराबादच्या कारवाईनंतरच्या दिवसांत नळदुर्गच्याच जिल्ह्यात निरपराध मुसलमानांवर भयंकर अत्याचार झाले. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत त्याची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव घेतलं. सैनिकाचं शौर्य त्यानं उणं होत नाही, पण इतिहास सांगताना दोन्ही सांगावं लागतं.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना एवढीच विनंती: १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला मुक्तिसंग्रामातल्या स्थानिक हुतात्म्यांसोबत हवालदार बचित्तर सिंग, दुसरी शीख बटालियन, हे नावही मुलांसमोर घ्या, आणि ते पंजाबातल्या लोपोंहून आले होते हेही सांगा.