सीटा न उपटता, वेल्डिंग न करता

घरात एर्टिगा, इनोव्हा किंवा ईको आहे आणि कोकणात किंवा ताडोब्याला गाडीतच मुक्काम करायचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास सांगतं: मागच्या सीटा कायमच्या काढाव्या लागतात, लोखंडी सांगाडा वेल्ड करून घ्यावा लागतो, आरटीओत जाऊन कागद बदलून आणावे लागतात आणि दोन-तीन लाख सहज जातात. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणारा पुढे काही विचारतच नाही. बेत तिथेच बारगळतो. नाहीतर त्याहून वाईट घडतं: तो खरोखरच गाडी गॅरेजात नेऊन सीटा उपटून घेतो आणि चांगली सात माणसांची गाडी कायद्याच्या कचाट्यात अडकवून बसतो.

मुळात कायदा काय म्हणतो ते आधी नीट वाचायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. बदल म्हणजे काय, तेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिलं आहे: गाडीचं मूळ वैशिष्ट्यच पालटेल असा तिच्या रचनेतला बदल. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या के. जयचंद्र प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ लावणारा निकाल रद्द केला आणि हे कलम काटेकोरपणे लागू असल्याचं बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे 'आपल्याच गाडीत काय वाटेल ते करा, कोण विचारतंय' हेही तितकंच चूक.

आता या चौकटीत सुटी, म्हणजे हवी तेव्हा गाडीत ठेवून पुन्हा उतरवता येणारी खाट कुठे बसते? आसनसंख्या नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली असते. सात आसनांच्या गाडीतल्या दोन सीटा उखडून घरी ठेवल्या, की कागद आणि गाडी जुळत नाहीत. पण कंपनीनेच दिलेल्या बिजागरीवर सीट पाडली, तिच्यावर प्लायवूडचा खोका ठेवला, तो पट्ट्यांनी बांधला आणि सोमवारी सकाळी उतरवून ठेवला, तर प्रमाणपत्रावरचा एकही रकाना बदलत नाही. तो खोका म्हणजे गाडीतलं सामान. त्यासाठी आरटीओत जायचं कारणच उरत नाही.

'मग ती गाडी कॅरॅव्हॅन म्हणून नोंदवायला नको का?' हा पुढचा प्रश्न. नको. कॅरॅव्हॅनसाठी भारतात एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे राहण्यासाठीच बांधलेली गाडी. युरोपच्या नियमांतली व्याख्या तर स्पष्टच आहे: बसण्याची, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामानाची सोय हवी आणि ती गाडीला पक्की जखडलेली हवी, सुटं चालतं ते फक्त टेबल. ज्याची खाट दहा मिनिटांत जिन्याखाली जाते, त्याचा त्या व्याख्येशी संबंध येत नाही.

आणि सुटी सोय म्हणजे गरिबाची तडजोड, हाही गैरसमजच. फोक्सवॅगनची बस १९५० साली बाजारात आली. तिच्यासाठी जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने पहिल्या काही वर्षांतच जी 'कॅम्पिंग बॉक्स' काढली, ती सुटीच होती. आठवडाभर गाडी माणसं आणि माल वाहायची, शनिवारी त्यात पेटी चढायची. आज जगभर ज्या कॅम्पर गाड्यांचे फोटो कौतुकाने पाहिले जातात, त्यांची वंशावळ अशा उचलून ठेवता येणाऱ्या लाकडी पेटीपर्यंत जाते.

ही पेटी बनवणं नेहमीच्या सुताराच्या आवाक्यातलं आहे. अवघड असतं ते मोजमाप. दुसरी आणि तिसरी रांग पाडली तरी एर्टिगासारख्या गाडीत तळ एकसंध सपाट होत नाही. पाडलेल्या पाठींमध्ये उतार आणि फटी राहतात. पुढच्या सीटा सरकवून उंच माणसाला पुरेल अशी सहा फूट लांबी काढावी लागते, आणि तेवढ्यात पुढच्या सीटमागे पोकळी तयार होते. म्हणून खाटेचा डोक्याकडचा भाग बिजागरीवर उलटणारा ठेवतात: गाडी चालताना दुमडलेला, रात्री उलगडून खाली पाय लावलेला. चाकांच्या कमानींचा फुगवटा टेपने मापता येत नाही. तिथे जुन्या खोक्याचा पुठ्ठा धरायचा, कात्रीने थोडा थोडा छाटत वळणाशी जुळवायचा आणि तोच प्लायवर ठेवून पेन्सिल फिरवायची.

प्लायची जाडी ठरवताना बहुतेकांचा हात १८ मिलिमीटरकडे जातो. आठ बाय चारचा असा तक्ता लाकडाप्रमाणे ३३-३४ किलोच्या आसपास भरतो. १२ मिलिमीटरचा २२-२३ किलो. खालून दर फुटा-दीड फुटावर आडवी पट्टी दिली, तर १२ मिलिमीटर दोन माणसांना पुरतो. जे एकट्याने उचलता येत नाही ते सुटं राहत नाही. एकदा चढलं की वर्षभर गाडीतच पडून राहतं. उंचीचंही तसंच. खाली कप्पे हवेत म्हणून खाट फूटभर उचलली, की वर बसता येत नाही. बसलेल्या प्रौढ माणसाला बैठकीपासून डोक्यापर्यंत ८५ ते ९० सेंटिमीटर लागतात. आधी छतापर्यंतचं अंतर मोजावं, मग कप्प्यांचं ठरवावं.

'वजनदार आहे, हलणार नाही' म्हणून खोका न बांधता नेणारे लोक आहेत, आणि त्यांना थांबवायलाच हवं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून साधारण ६० सेंटिमीटरच्या आत थांबली, तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १६ पट जोर येतो. ३० किलोचा खोका पुढच्या सीटच्या पाठीवर अर्ध्या टनाच्या भाराने जातो. सीटच्या लोखंडी पायांना आणि डिकीतल्या कड्यांना चारही कोपऱ्यांतून घट्ट पट्टे हवेत. चालत्या गाडीत त्या खाटेवर कोणीही, अगदी झोपलेलं लहान मूलही, असता कामा नये.

'सीट मागे रेलली की झोप होते, खाट कशाला' असं म्हणणाऱ्यांनी जपानचा अनुभव पाहावा. २००४ च्या निइगाता आणि २०१६ च्या कुमामोतो भूकंपानंतर अनेकांनी गाडीतच दिवस काढले. पाय लोंबते ठेवून बसल्या बसल्या झोपल्याने काहींच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्या फुफ्फुसात गेल्या आणि मृत्यूही झाले. खाट सपाट असणं ही चैन नाही.

सगळ्यांत जीवघेणा समज मात्र वेगळाच आहे: काच बोटभर खाली ठेवली की इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपायला हरकत नाही. हरकत आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. उभ्या गाडीचा धूर मागे उडून जात नाही, भोवतीच घुटमळतो, आणि तीच बोटभर फट त्याला आत घेते. झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. इंजिन बंद म्हणजे बंद. थंडीत कोळशाची शेगडी आत घेणं हा त्याच मृत्यूचा दुसरा रस्ता.

बाकीचे समज थोडक्यात. दुसरी बॅटरी आणि इन्व्हर्टर लागतो? २०,००० एमएएचची पॉवर बँक पाच वॅटचा यूएसबी पंखा रात्रभर फिरवते. काचा पूर्ण बंद ठेवल्या की ऊब राहते? दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं आणि पहाटे गादी दमट लागते. खिडकीला मच्छरदाणीची जाळी लावून काच उघडी ठेवावी. पण तीच उघडी काच दुपारच्या उन्हात उपयोगाची नाही: २००५ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये छापून आलेल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, त्यातला ८० टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासातला होता आणि काच किंचित खाली केल्याने फारसा फरक पडला नाही. आडोशासाठी काळी फिल्म? सर्वोच्च न्यायालयाने ती २०१२ सालीच बंद केली. खिडकीच्या मापाचे पुठ्ठे किंवा फोम कापून मुक्कामापुरते लावावेत.

स्वयंपाक डिकी उघडून आतच केला तरी चालतो, असंही ऐकू येतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी, नेमका खाटेखाली साचतो. शेगडी गाडीपासून लांबच पेटवावी. मात्र गोव्यात त्याआधी जागा पाहावी: तिथल्या पर्यटनस्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्याला दंड होतो; २०१९ च्या दुरुस्तीत तो एकट्याला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये होता, २०२५ मध्ये तो वाढवला गेला.