आयर्लंडचा कौल आणि आपले आत्मपरीक्षण

कॅथलिक श्रद्धेचा बालेकिल्ला म्हणून आयर्लंडची ख्याती होती. भारतात शाळा आणि रुग्णालये चालविणारे अनेक मिशनरी त्याच भूमीतून आले. २०११ च्या जनगणनेत तेथील सुमारे ८४ टक्के लोकांनी स्वतःची नोंद कॅथलिक म्हणून केली होती. त्याच देशाने २२ मे २०१५ रोजी सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली. थेट जनतेच्या मतदानाने असा निर्णय घेणारा तो जगातील पहिला देश ठरला. हे कसे घडले आणि त्यातून आपण काय बोध घ्यावा, याचा शांतपणे विचार व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

आयर्लंडची राज्यघटना १९३७ ची असून तिचे ४१ वे कलम कुटुंब आणि विवाह यांना संरक्षण देते. घटनेत बदल करावयाचा असल्यास तेथे संसदेच्या मंजुरीनंतर जनतेचा कौल घ्यावाच लागतो. समलिंगी संबंध तेथे १९९३ पर्यंत गुन्हा मानले जात. २०१० च्या कायद्याने अशा जोडप्यांना विवाहाहून वेगळी अशी नागरी नोंदणी करण्याची मुभा मिळाली. पुढे ६६ नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष अशा घटनाविषयक परिषदेने २०१३ मध्ये विवाहाचा प्रश्न जनतेपुढे नेण्याची शिफारस केली.

प्रस्तावाला सर्व प्रमुख पक्षांनी पाठिंबा दिला. सत्तेतील फिने गेल व लेबर आणि विरोधातील फिआना फॉल व शिन फेन एकाच बाजूला उभे राहिले. तत्कालीन आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी जानेवारी २०१५ मध्ये आपण समलिंगी असल्याचे आकाशवाणीवरील मुलाखतीत सांगितले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले.

समर्थकांचे म्हणणे असे की, कायद्यापुढे सर्व नागरिक समान असावेत आणि समलिंगी जोडप्यांनाही विवाहाचे संरक्षण व प्रतिष्ठा मिळावी. तेथील बिशपांनी डिसेंबर २०१४ मध्ये पत्रक काढून ख्रिस्तसभेची भूमिका मांडली. विवाह हे स्त्री आणि पुरुष यांचे, नवजीवनाला खुले असलेले बंधन आहे. त्याची व्याख्या बदलल्यास माता, पिता आणि अपत्य यांच्या नात्याचा अर्थही बदलतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रश्न नागरी विवाहाचा होता. विवाह साक्रामेंताला त्याने बाधा येत नव्हती आणि असा विवाह लावण्याची सक्ती कोणत्याही धर्मगुरूवर नव्हती.

सुमारे ६०.५ टक्के मतदारांनी मतदान केले. त्यांतील ६२ टक्के मते प्रस्तावाच्या बाजूने पडली. ४३ मतदारसंघांपैकी केवळ एकाने नकार दिला.

निकालानंतर डब्लिनचे तत्कालीन आर्चबिशप डिअरमिड मार्टिन यांनी ख्रिस्तसभेने वास्तवाचे भान ठेवून आत्मपरीक्षण करावे, असे सांगितले. बाजूने मतदान करणारे बहुतेक तरुण बारा वर्षे आपल्याच कॅथलिक शाळांत शिकलेले आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. व्हॅटिकनचे कार्डिनल पारोलिन यांनी मात्र हा मानवतेचा पराभव असल्याचे म्हटले. ही दोन्ही वक्तव्ये एकत्र वाचावीत, असे आम्हांस वाटते. एकात सिद्धान्ताची चिंता आहे, तर दुसऱ्यात मेंढरांची. बालकांवरील अत्याचारांचे २००९ मधील दोन चौकशी अहवाल लोकांच्या स्मरणात ताजे होते. ज्यांच्या शब्दावरचा विश्वास उडाला आहे, त्यांनी सांगितलेले सत्यही कानांवरून जाते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय संसदेच्या कक्षेतील असल्याचे म्हटले. म्हणजे उद्या ही चर्चा आपल्याही दारी येऊ शकते. तेव्हा आपण कोणत्या भाषेत बोलणार?

ख्रिस्तसभेची विवाहविषयक शिकवण बदललेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने आशीर्वादासंबंधी घोषणापत्र काढले, तेव्हाही ती कायम राखली. परंतु समलिंगी व्यक्तींचा स्वीकार आदराने, करुणेने आणि हळुवारपणे करावा, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, हीदेखील कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचीच शिकवण आहे. यांपैकी एकच भाग उचलून दुसरा सोडणे, ही अर्धी श्रद्धा होय. आपल्या धर्मग्रामात मिस्साला येणाऱ्या एखाद्या मातेच्या मनात आपल्या मुलाविषयीचे हे ओझे असू शकते. प्रवचनातील कुचेष्टेचा एक शब्द तिला मंदिरापासून कायमचा दूर नेईल.

म्हणून सत्य सांगावे, पण ते ऐकणाऱ्याचा हात न सोडता सांगावे. आयर्लंडच्या कौलातून आम्ही घेतलेला बोध तो हाच.