पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी : खर्च किती, कमाई किती?

बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, मुलाला कोणत्या शाखेत घालावे? कॉम्प्युटर, मेकॅनिकल ही नावे आता कारागिराच्या घरातही पाठ झाली आहेत. त्यांच्या जोडीला 'पर्यावरण अभियांत्रिकी' हे नावही कानावर येऊ लागले आहे. व्यापारी माणूस माल उचलण्यापूर्वी भाव, वाहतूक आणि विक्री या तिन्हींचा विचार करतो. मुलाच्या शिक्षणाचा सौदा तर त्याहून मोठा. म्हणून या पदवीचाही रोखठोक हिशेब मांडून पाहू.

आपल्या धंद्याशी संबंध काय?

पाणी कसे शुद्ध करावे, कारखान्याचे सांडपाणी, धूर व कचरा यांची विल्हेवाट कशी लावावी, याचे हे शास्त्र आहे. १९७४ चा पाणी प्रदूषण कायदा, १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांमुळे या शास्त्राला बाजार मिळाला.

या कायद्यांचा फटका आपल्या समाजाचे पिढीजात धंदे असलेल्या ठिकाणी आधी बसला. तामिळनाडूतील आंबूर, वाणियंबाडी भागात चामड्याच्या धंद्यात मुस्लिम व्यापाऱ्यांचा मोठा वाटा आहे. तेथील टॅनऱ्यांच्या सांडपाण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला. प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड झाला आणि प्रक्रिया केंद्राशिवाय काम करण्यास मनाई झाली. प्रदूषण करणाऱ्यानेच नुकसान भरून द्यावे, हे तत्त्वही त्या निकालात मान्य झाले. पुढे जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेकडो कारखाने एकदम थांबले आणि होजिअरीची ती पेठ हादरली.

भिवंडी-मालेगावच्या सायझिंग व रंगाईवाल्यांना, प्लॅस्टिक गिट्टीच्या कारखानदारांना आणि भंगार व्यापाऱ्यांनाही हाच कायदा लागू आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, त्याचे नूतनीकरण, पाण्याच्या नमुन्यांची तपासणी ही कामे आपण सल्लागाराला पैसे देऊन करून घेतो. त्या सल्लागाराच्या खुर्चीवर आपली मुले फार थोडी दिसतात.

नोकऱ्या कोठे आहेत?

पहिली जागा कारखान्यातील आणि औद्योगिक वसाहतीतील सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत. तारापूर, तळोजा, महाड, लोटे-परशुराम येथे अशी केंद्रे आहेत. दुसरी जागा सल्लागार संस्थांत. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना आणि वीस हजार चौरस मीटर व त्यावरील बांधकामांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. तिचे अहवाल या संस्था तयार करतात. तिसरी जागा तपासणी प्रयोगशाळांत. चौथी कचरा आणि पुनर्वापराच्या उद्योगात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापर करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली आहे.

सरकारी जागाही असतात, पण त्यांची संख्या थोडी आणि भरती अनियमित. अनेक जाहिरातींत स्थापत्य म्हणजे सिव्हिलची पदवी मागितलेली असते. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी जुन्या जाहिरातींतील पात्रतेची अट वाचून पाहावी. आखाती देशांत या कामाला मागणी आहे, परंतु तेथे कोऱ्या पदवीपेक्षा अनुभवाला किंमत मिळते.

आता हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या कॉलेजचे आकडे घालून प्रत्येकाने तो स्वतः करावा.

समजा वर्षाची फी एक लाख, म्हणजे चार वर्षांचे चार लाख. परगावी राहणे व मेस वर्षाला ऐंशी हजार, म्हणजे तीन लाख वीस हजार. पुस्तके, कॉम्प्युटर वगैरे ऐंशी हजार. एकूण आठ लाख. मुलगा दुकानात वा कारखान्यात बसला असता तर महिन्याला दहा हजार मिळाले असते. त्या बुडालेल्या कमाईचे चार वर्षांचे चार लाख ऐंशी हजार होतात, आणि बहुतेक पालक नेमके तेच विसरतात. खरी किंमत झाली बारा लाख ऐंशी हजार.

पदवीनंतर पगार वीस हजार धरला आणि धंद्यात राहून तो तोवर बारा हजार कमावू लागला असता असे धरले, तर फरक महिन्याला आठ हजारांचा. फरक तेवढाच राहिला तर भांडवल वसूल व्हायला तेरा वर्षांहून अधिक लागतील. तीन वर्षांनी फरक वीस हजारांवर गेला तर सुमारे सात वर्षे.

तोच मुलगा घरी राहून जवळच्या कॉलेजात गेला आणि निम्मी फी माफ झाली, तर फी दोन लाख, प्रवास ऐंशी हजार, पुस्तके वगैरे ऐंशी हजार आणि बुडालेली कमाई मिळून आठ लाख चाळीस हजार होतात. वसुली सव्वापाच वर्षांवर येते. पदवी एकच, पण भाव वेगळा.

आता यात कर्ज घाला. पाच लाखांवर दहा टक्के दराने वर्षाचे व्याज पन्नास हजार, म्हणजे महिन्याला चार हजारांहून अधिक. आठ हजारांचा निम्मा फरक व्याजातच जातो. व्याजाचा दीनी प्रश्न तर आहेच, पण निव्वळ व्यापारी दृष्टीनेही हा सौदा महागच ठरतो.

खर्च कमी करण्याचे मार्ग

प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच घ्यावा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतल्यास फी-सवलत हातची जाते. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या खुल्या वर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत आहे. मोमीन, बागवान, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात. त्यांनी जातीचे व नॉन-क्रीमीलेअरचे दाखले दहावीनंतरच काढून ठेवावेत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतील आर्थिक दुर्बल व इतर मागास घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मुलींसाठी हिशेब त्यामुळे पुष्कळच बदलतो. प्रयोगशाळेचे आणि अहवालाचे कामही त्यांना सोयीचे आहे.

पदवी पातळीवर ही शाखा मोजक्याच कॉलेजांत आहे. त्यापेक्षा सिव्हिल किंवा केमिकलची पदवी घेऊन गेट परीक्षेद्वारे एम.टेक.ला पर्यावरण विषय घेणे अधिक सुरक्षित. मुंबईचे आयआयटी व व्हीजेटीआय आणि नागपूरचे व्हीएनआयटी येथे ही सोय आहे. गेटमधून प्रवेश मिळालेल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे. पर्यावरणात नोकरी नाही मिळाली तरी सिव्हिलचे दार उघडे राहते.

ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनी दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करावा. पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वर्षे तेवढीच लागतात, परंतु मध्येच घरावर अडचण आली तर मुलाच्या हाती कमाईचे साधन असते.

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये?

दुकान विकून, दागिने मोडून किंवा व्याजाने पैसे काढून केवळ नावासाठी ही पदवी घेऊ नये. सुरुवातीचा पगार तेवढा भार पेलत नाही. मात्र ज्याला रसायनशास्त्र व गणिताची गोडी आहे, फी-सवलत मिळते आहे आणि घरात रंगाई, चामडे, प्लॅस्टिक वा भंगाराचा धंदा आहे, त्याने जरूर विचार करावा. कुंडातला रंग, गाळ आणि वास त्याला लहानपणापासून माहीत असतो. पदवीने त्यावरचा उपाय कळतो. घरचे संमतीपत्र तर सांभाळले जाईलच, शिवाय मोहल्ल्यातील दहा कारखान्यांचे कामही त्याच्याकडे येऊ शकेल.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. त्याच पाण्याच्या रक्षणातून हलाल रोजी मिळत असेल तर उत्तमच. फक्त प्रवेशाचा फॉर्म भरण्यापूर्वी वरचा हिशेब कागदावर मांडावा आणि मुलालाही शेजारी बसवावे.