शेवंती, दवणा आणि परागकणाच्या आतली पोकळी

आज कानात हेडफोन घालून माझ्याबरोबर फुलबाजारात चला. हारवाल्यापाशी शेवंतीचा ढीग असतो आणि बाजूला दवण्याच्या जुड्या. जोतिबाला वाहतात तोच दवणा. दोघंही सूर्यफुलाच्या कुळातले, आणि त्या कुळातही एकमेकांचे अगदी जवळचे नातेवाईक. परागकण बघितले तर मात्र कुणाला पटणार नाही!

मायक्रोस्कोपखाली शेवंतीचा परागकण म्हणजे काटेरी चेंडू. सूर्यफुलाचाही तसाच. आकार मिलिमीटरच्या साधारण तिसाव्या भागाएवढा. दवण्याचा कण जवळजवळ गुळगुळीत, काटे नुसते नावाला. गाजर गवतही याच कुळातलं बरं का, त्याचेही काटे आखूडच.

मग जोड्या सोप्या वाटतात ना? शेवंती-सूर्यफूल एकीकडे, दवणा-गाजर गवत दुसरीकडे. पण नाही. मोठे काटे आणि त्यांच्यावरचा चिकट थर कीटकाच्या अंगाला धरून राहायला कामाचे. जे पराग वाऱ्यावर जाऊ लागले, त्यांचे काटे पिढ्यानपिढ्या लहान होत गेले. म्हणजे काटे बघून पराग प्रवास कसा करतो ते कळतं. नातं कळेलच असं नाही.

नातं सापडलं भिंतीच्या आत. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं. ते इतकं चिवट की अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या गरम मिश्रणात आतलं सगळं विरघळतं, कवच तसंच राहतं. 1966 मध्ये जॉन स्क्वार्ला आणि बिली टर्नर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी या कुळातल्या परागकणांचे अतिपातळ काप करून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने तपासले. सूर्यफुलाच्या गटात कवचाचा वरचा थर खालच्या थरापासून सुटलेला, मध्ये चक्क पोकळी! शेवंतीच्या गटात पोकळी नाही, तिथे जाडजूड खांब. आता गंमत बघा: गाजर गवतात पोकळी आहे, दवण्यात खांब आहेत. जोड्या उलटल्या. पुढे डीएनएनेही शेवंतीला दवण्याशेजारी आणि गाजर गवताला सूर्यफुलाकडेच बसवलं.

म्हणून परागकणाला मी साक्षीदार मानतो, न्यायाधीश नाही. आपण पाथरीची भाजी खातो ना, तिच्या परागावर उंच कडांची जाळी असते. दक्षिण अमेरिकेतल्या बार्नाडेसियाच्या परागावरही तशीच जाळी, पण ही दोन घराणी कुळात एकमेकांपासून बरीच दूरची आहेत. नुसत्या जाळीवर विसंबलात तर फसलातच.

कॉलेजच्या लॅबमध्ये चारशे पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप असेल, तर शेवंती आणि सूर्यफूल दोन्ही काचपट्टीवर झटका. काटे लगेच दिसतील. मग फोकस हळूहळू फिरवत कणाच्या कडेकडे बघा. सूर्यफुलाच्या कवचात काट्यांच्या खाली फट दिसते का, ते शोधा.