बांधावरची फुलपाखरे

पावसाळा सरला की बांधावर एकदांडी फुलते. तिच्या पिवळ्या-पांढऱ्या फुलांवर बसणारी फुलपाखरे टिपावयास रानात जाण्याची गरज नाही. खिशातला मोबाईल पुरतो. सकाळी ऊन पडताच फुलपाखरू पंख पसरून अंग शेकत बसते. तेव्हा ते चटकन उडत नाही. आपली सावली त्याच्यावर पडू न देता, वाकून, सावकाश पुढे सरकावे. रविवारी मिस्सा आटोपल्यावर निघालात तर जरा उशीर होतो, पण जमते.

आम्हांस ह्या फोटोंचा खरा उपयोग शेतीत दिसतो. लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते आणि शेवटी काळे-पिवळे फुलपाखरू बनून उडते. अळी आणि फुलपाखरू, दोहोंचे फोटो शेजारी ठेवले की घरच्यांना पटते. कलम लहान असेल तर अळ्या हाताने वेचाव्या. मोठे झाड थोडी पाने सहज सोसते. तेवढ्यासाठी पंप भरू नये. फुलोऱ्यावर मारलेले औषध मधमाशीचाही जीव घेते, आणि भोपळा-कारल्याला फळ धरते ते तिच्याच जिवावर.

रुईवरची पट्टेदार अळी केशरी फुलपाखराची. ती आपल्या भाता-भाजीला तोंड लावीत नाही, तिला राहू द्यावे. मात्र रुईचा चीक वाईट. डोळ्यांत गेल्यास डोळा लाल होतो, दिसेनासे होते. लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा, चोळू नये, आणि डॉक्टरांना दाखवावे. मुलांना मोबाईल देऊन बांधावर धाडण्याआधी हे बजावावे.